राखीव बाकाची कमाई

मोठ्या बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर, उपाहारगृहाच्या धुराड्याला चिकटून, एक काचेची खोली होती. त्या खोलीत बसून टिटवीने बावीस वर्षं गाड्या पुकारल्या. टिटवी हे नाव तिच्या भावाने लहानपणी ठेवलेलं. आवाज असा, की ती मागच्या दारी ओरडली तर पुढच्या गल्लीतली माणसं खिडक्या उघडून बघायची. नोकरीतही तेच नाव चिकटलं, आणि ती सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला टिटवीच म्हणत.

मग स्थानकात यंत्र आलं. यंत्राचा आवाज गोड होता, फक्त गाडी दोन तास उशिरा आहे हे सांगताना त्याला कसलीच लाज वाटत नसे. टिटवीला खाली हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. छत्र्या, एकेकटे बूट, एकदा तर अख्खी कवळी. पगार तोच राहिला, बोलायचं काम मात्र गेलं. ‘ओळख पटवा’ आणि ‘इथे सही करा’ एवढ्या दोन वाक्यांवर दिवस काढायचा. घसा गंजला माझा, असं ती नवऱ्याला म्हणायची. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर लिफ्टच्या उभ्या, अंधाऱ्या बोगद्यात दोरखंडांशी झटून आलेल्या माणसाला घरातली शांतता काही वाईट वाटत नव्हती, पण तसं तो बोलला नाही.

रविवारी ती भाचीचा सामना बघायला जायची. भाची म्हणजे भावाची मुलगी. वय एकवीस. आठवडाभर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि रविवारी बायकांच्या फुटबॉलच्या दुसऱ्या विभागात गोल राखायची. तिचा बाप, म्हणजे टिटवीचा दादा, मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. लेकीचा खेळ बघणं त्याच्या नशिबी नव्हतं, आणि दुसऱ्या विभागाचे सामने कॅमेऱ्यात टिपायला कुणाला वेड लागलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात निकालाची एक ओळ यायची, तीही कधीकधी उलटी.

एका रविवारी टिटवीने फोन काढून तोंडासमोर धरला. “दादा, ऐक. पोरगी आज पिवळ्या शर्टात आहे. मघापासून खांबाला पाठ घासतेय, म्हणजे पोटात गोळा आलाय तिच्या. कॉर्नर आहे त्यांना. आली पुढे, आली, आणि दोन्ही मुठींनी मारला! असा मारला दादा, की चेंडू पार कुंपणाबाहेर, भंगाराच्या गाडीत!”

असं पाऊण तास ती फोनमध्ये रेकॉर्ड करत बोलत राहिली, आणि ते दादाला पाठवून दिलं. बंदराला लागल्यावर भावाने ते जेवणाच्या टेबलावर लावलं. त्याच्या टेबलावरची सहा माणसं आधी हसली आणि मग गप्प बसून ऐकायला लागली. पुढच्या बंदरावरून निरोप आला: “सगळे विचारतायत, पुढच्या रविवारचं कधी पाठवतेस? आणि मधेमधे तुझ्यावर खेकसणारा तो म्हातारा कोण?”

तो म्हातारा म्हणजे पंच. एकतीस वर्षं त्याने शिट्टी फुंकली होती. गुडघा गेल्यावर मैदान सुटलं, पण दर रविवारी पायऱ्यांवर येऊन तो चालू पंचांच्या चुका मोजत बसायचा. टिटवी त्याच्या दोन पायऱ्या खाली बसायची. ती फोनवर “ऑफसाइड!” म्हणाली की मागून आवाज यायचा, “थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, बाई.” तिसऱ्या रविवारी ती मागे वळली.

“काका, एवढं कळतंय तर खाली या ना. इथून बोला.”

“मला बोलता येत नाही. मला फक्त निकाल देता येतो.”

“तेवढाच द्या.”

अशी जोडी जमली. जहाजावरच्या बिनतारी यंत्राच्या माणसाने समजावून सांगितलं, की हे सगळ्यांना ऐकता येईल असं पॉडकास्ट म्हणून टाका. त्यांनी टाकलं, नाव ठेवलं ‘राखीव बाक’. सामना मैदानात टिपायचा, आणि मागाहूनची चर्चा टिटवीच्या घरी, कोटांच्या कपाटात शिरून करायची, कारण तिथे रस्त्याचा आवाज येत नसे. पंचाचे लांब पाय कपाटाबाहेर राहायचे. नवरा कामावरून आला, की आधी त्या पायांना ओलांडून मगच त्याला बूट काढता येत.

वर्षभरात ऐकणारे चौदाशे झाले. कोण होते हे? खेळाडूंच्या आया, जुन्या खेळाडू, लांबच्या गावी नोकरीला गेलेले भाऊ, आणि मोठ्या स्पर्धांवर तावातावाने बोलणाऱ्या शंभर कार्यक्रमांना कंटाळलेले काही लोक. पण चौदाशे माणसं ऐकतात म्हणून मायक्रोफोनवाला फुकट मायक्रोफोन देत नाही. बॅटऱ्या, वायरी, कार्यक्रम साठवायच्या जागेचं भाडं, सगळी पदरमोड.

“यातून मिळतं काय तुला?” नवऱ्याने एकदा विचारलं. भांडायला नव्हे, खरंच विचारलं.

“अजून काही नाही.”

“मग ‘अजून’ कधी संपणार, तेवढं सांग.”

टिटवी कामाला लागली. आधी तिने आपोआप येणाऱ्या जाहिरातींना होकार दिला. त्या कुठे आणि केव्हा वाजणार ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. भाची पेनल्टीसमोर उभी, टिटवी रंगात आलेली, आणि मध्येच एक बाई गाऊन सांगते की केस गळत असतील तर अमुक लावा. तीन महिन्यांनी जे पैसे जमा झाले, त्यात एक बरीशी वायरही आली नसती. मग तिने शर्ट छापले, पन्नास. छापणाऱ्याने मापात घोळ घातला आणि पन्नासच्या पन्नास पैलवानांच्या मापाचे आले. अकरा खपले, त्यातला एक पंचानेच घेतला, भिडेखातर. उरलेल्यांनी लिफ्टचं वंगण पुसलं.

तिसरा प्रयोग जमला. मैदानासमोर गाद्यांचं दुकान होतं. दुकानदार गोल, घामट आणि हौशी. बायको आणि मेहुणी दोघी एके काळी याच दुसऱ्या विभागात खेळलेल्या, म्हणून कार्यक्रम ऐकणारा. दरमहा ठरावीक रक्कम द्यायला तो तयार झाला. जाहिरातही त्यानेच लिहून आणली: ‘मी स्वतः याच गादीवर झोपतो आणि ताजातवाना उठतो.’ ही ओळ पंचाने म्हणायची होती.

पंच कपाटात बसला, दाराच्या उजेडात कागद वाचला, आणि खाली ठेवला.

“मी जमिनीवर झोपतो.”

“काका, जाहिरात आहे ती,” टिटवी म्हणाली.

“एकतीस वर्षांत न दिसलेला गोल मी दिला नाही. न झोपलेल्या गादीवर आता झोपू?”

गादीवाल्याने एक गादी घरी पाठवली, तरी पंच जमिनीवरच. शेवटी जाहिरात अशी झाली: “मी जमिनीवर झोपतो. गादीवर माझी बायको झोपते. पूर्वी ती पहाटे कण्हत उठायची, आता मी चहा करेपर्यंत उठतच नाही. गादी चांगली की वाईट ते तुम्ही ठरवा.” त्या महिन्यात दुकानात सात जण येऊन ‘पंचाच्या बायकोची गादी’ मागून गेले. गादीवाल्याने वर्षाचा करार केला.

गाडी रुळावर येतेय असं वाटत होतं, तेव्हाच टिटवीच्या हातून ती चूक झाली.

भाचीच्या डाव्या हाताचं बोट सरावात दुखावलं होतं. तिने ते आत्याच्या स्वयंपाकघरात, बर्फाच्या वाटीत हात बुडवून सांगितलं. प्रशिक्षकालाही अर्धंच ठाऊक होतं. टिटवीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना माहीत, पण ती काही कुचाळकी करायला बोलली नाही. कौतुकाने बोलली. गुरुवारच्या भागात म्हणाली, “आमची गोलकीपर डाव्या हाताचं बोट सुजलेलं असताना, पट्टी बांधून उभी राहणार आहे. याला म्हणतात हिंमत.” पंचाने भुवई उचलली. कपाटात अंधार होता, तिला दिसली नाही.

रविवारी समोरच्या संघाने पहिल्या मिनिटापासून भाचीच्या डाव्या हाताला, उंच, असे फटके मारायला सुरुवात केली. एक नाही, दोन नाही, चार गोल झाले. टिटवी सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज बसत गेला. तिसऱ्या गोलनंतर तिने फोन पंचाच्या हातात दिला. बोलता येत नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने उरलेला सामना एकट्याने सांगितला, वाक्यागणिक दोन शब्द.

सामन्यानंतर भाची कुंपणापाशी आली. हातमोजा दातांनी ओढून काढला. बोट वांग्यासारखं झालं होतं.

“त्यांची कॅप्टन म्हणाली मला, तुझ्या आत्याचा कार्यक्रम फार छान असतो. न चुकता ऐकतो म्हणाली.”

“अगं, मी चांगल्या मनाने...”

“मी तुला सांगितलं होतं, आत्या. माइकला नव्हतं सांगितलं.”

ती निघून गेली. तीन आठवडे घरी आली नाही, फोन उचलला नाही. वहिनी, म्हणजे भाचीची आई, मधे पडली नाही. “तुमचं तुम्ही बघा” एवढंच म्हणाली. जहाजावरून दादाचा निरोप आला, तोही तोकडा: “ऐकलं. बोटाची काळजी घ्यायला सांग.” टिटवीला वाटलं, त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर असताना तिला एका माणसाचा फोन आला. आवाज मऊ, बोलणं आदबीचं. पैजा लावायच्या एका अ‍ॅपकडून बोलतोय म्हणाला. ‘राखीव बाक’ त्यांना फार आवडतो. वर्षभर दर भागात एक जाहिरात, आणि त्याबदल्यात त्याने जो आकडा सांगितला तो टिटवीच्या वर्षाच्या पगाराच्या दीडपट होता. तिने समोरची छत्री सरळ केली, उगाचच.

“फक्त जाहिरात?”

“फक्त जाहिरातच, ताई. आणि जमलं तर सामन्याआधी थोडं आतलं. कोण खेळणार, कोण दुखावलंय. बोटाचं सांगितलंत ना तुम्ही, तसंच. लोकांना तेच हवं असतं.”

“आमच्या दुसऱ्या विभागावर कोण लावतं पैजा?”

तो हसला. “सगळ्यावर लावतात, ताई.”

विचार करून कळवते, असं ती म्हणाली, आणि खरंच विचार केला. ती काही संत नव्हती. नवऱ्याच्या कमरेचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी त्याला बोगद्यात उतरणं बंद करायला सांगून वर्ष झालं होतं. या पैशात तो घरी बसू शकला असता. संध्याकाळी तिने त्याच्यासमोर सगळं मांडलं. तो जेवता जेवता थांबला.

“अहो, काहीतरी बोला.”

“काय बोलू? पैसे माझ्या कमरेसाठी हवेत, म्हणजे मी घे म्हटलं तर स्वार्थी. नको म्हटलं तर उद्या परत बोगद्यात.” मग भात कालवत, “पण त्याला तुझा आवाज नकोय, टिटवे. त्याला पोरीचं बोट हवंय.”

टिटवी पंचाकडे गेली. तो अंगणात बुटांना पॉलिश करत होता. मैदानात उतरायचं नव्हतं तरी दर आठवड्याला करायचा. “कार्यक्रम तुझा आहे,” तो म्हणाला. “तू घे, मी अडवणार नाही. मी फक्त नसेन.”

तिने त्या माणसाला नाही कळवलं. आवळा देऊन कोहळा काढायला बघतोय, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. पण कळवलं त्या दिवशी आपण काही मोठं केलंय असं तिला वाटलं नाही. नवरा दुसऱ्या दिवशी कंबरपट्टा आवळून कामाला गेला आणि दोन दिवस फारसा बोलला नाही. तिने तेही सोसलं.

त्याच शनिवारी ती भाचीच्या प्रयोगशाळेबाहेर जाऊन उभी राहिली. भाची पिशवी घेऊन बाहेर आली, तिला बघून थबकली.

“चुकले मी,” टिटवी म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू कुणी कधी ऐकला नसेल. “तुला हवं तर तुझं नाव परत कधी घेणार नाही.”

“नाव घे,” भाची म्हणाली. “मैदानात जे दिसतं तेवढं सांग. मला गोल बसला तर बसला म्हण, मूर्खासारखा बसला असं म्हटलंस तरी चालेल. पण स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात.”

तो नियम झाला. पंचाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि कपाटात आतल्या बाजूने ठोकला: ‘कुंपणाच्या आत, शिट्टीपासून शिट्टीपर्यंत जे दिसलं तेवढंच.’

पैशांचा प्रश्न होता तिथेच होता. ऐकणाऱ्यांकडेच मागायचं, हा मार्ग टिटवीला पहिल्यापासून माहीत होता, पण तो तिला हात पसरल्यासारखा वाटायचा. दुपारभर कपाटात बसून तिने ते मागणं नऊ वेळा बोलून पाहिलं. एकदा रडकं झालं, एकदा दमदाटीचं, एकदा तर चक्क ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ तोंडातून निघालं. शेवटी पंच वैतागला. “बाई, खर्च किती, मिळतं किती, हवं किती. एवढंच सांगा. निकाल त्यांना देऊ द्या.”

तिने तसंच सांगितलं. वायरीचा खर्च, जागेचं भाडं, गादीवाल्याची रक्कम, दोघांचे रविवार. बोटाचा प्रसंगही सांगितला, भाचीला विचारून, आणि पैजवाल्याला का नाही म्हटलं तेही. “महिन्याला तीन कप चहाचे पैसे द्याल तर हे चालू राहील. नाही दिलेत तरी ऐकायला बंदी नाही,” असं म्हणून तिने बटण दाबलं आणि घाम पुसला.

पहिल्या आठवड्यात एकोणीस जण. दुसऱ्यात चार. टिटवीचा चेहरा पडला. मग महिन्याभरात एकशे साठ झाले. पहिले सहा हप्ते जहाजावरच्या सहा जणांचे होते; आणि सातवा, कुठून ऐकलं कुणास ठाऊक, त्यांच्या कप्तानाचा.

पण खरी कमाई कुणाच्या डोक्यात नव्हती तिथून निघाली. परदेशी वाळवंटात बांधकामावर असलेल्या एका माणसाचं पत्र आलं. त्याची बायको सात नंबरचा शर्ट घालून खेळते. लग्नाला दोन वर्षं झाली, त्याने तिला एकदाही खेळताना पाहिलं नाही. टिटवी बाई सगळा सामना सांगतात, पण सात नंबरकडे चेंडू असेल तेव्हाच ती ऐकू येते. बाकीचा वेळ ती काय करते? वेगळे पैसे देईन, पण एक सामना फक्त तिचा सांगाल का?

टिटवीने सात नंबरला विचारलं. ती आधी लाजली, मग म्हणाली, “सांगा. पण मी पाणी प्यायला जाते तेव्हा लपून केस नीट करते, ते नको.”

“नेमकं तेच सांगणार,” टिटवी म्हणाली, आणि दोघी हसल्या. सात नंबरने परवानगी दिली.

त्या रविवारी पंचाने नेहमीचा सामना सांगितला, आणि टिटवीने मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बसून नव्वद मिनिटं एकाच बाईकडे पाहिलं. ती कुठे धावते, कुठे दमते, पास मिळाला नाही की कशी जमिनीवर पाय आपटते, पडलेल्या विरुद्ध संघाच्या मुलीला कशी उठवते. चेंडू तिच्याकडे एकूण चौतीस वेळा आला. टिटवीने सगळं सांगितलं, केसांसकट. त्या माणसाने दिलेल्या पैशांबरोबर एकच ओळ लिहिली होती: “ती अशी धावते हे मला माहीतच नव्हतं.”

मग मागण्या येत गेल्या. आया, बाप, एक आजारी प्रशिक्षक, डोळ्यांनी न दिसणारी एक मोठी बहीण. या कामाला त्यांनी ‘आपला माणूस’ असं नाव दिलं. महिन्याला दोनच घ्यायचे आणि खेळाडूने होकार दिला तरच. गादीवाल्याने यावरही जाहिरात मागितली, पंचाने नकार दिला. तिथे फक्त तो एक माणूस ऐकत असतो, त्याला गादी कशाला.

दुसऱ्या वर्षअखेर हिशेब केला तेव्हा टिटवीच्या वाट्याला पगाराच्या निम्म्याहून थोडं कमी आलं. पैजवाल्याच्या आकड्याच्या आसपासही नाही. पण नवऱ्याने बोगद्यातलं काम सोडून कार्यशाळेतलं, कमी पगाराचं, बसून करायचं काम घेतलं, तेवढं त्यातून भागलं. टिटवी देखील समुद्र आटविते, असं दादा सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला. “आटवला नाही,” ती म्हणाली, “गुडघाभर केलाय. उतरता येतं आता.”

हंगामाच्या शेवटी भाचीचा संघ घसरून तिसऱ्या विभागात गेला. भाची दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी सरावाला गेली. टिटवीला धास्ती होती की लोक पैसे बंद करतील. तिने कार्यक्रमात सरळ विचारलं, की आता तिसरा विभाग सांगू की दुसऱ्यातच थांबू? एकवीस जणांनी पैसे थांबवले. बाकीच्यांनी राहायचं ठरवलं, आणि तिसऱ्या विभागातल्या खेळाडूंच्या घरची आणखी तेहतीस माणसं आली. त्यांच्या मुलींचा खेळ तर कुणी एका ओळीतही छापत नव्हतं.

तिसऱ्या विभागाच्या मैदानाला पायऱ्या नाहीत. नवऱ्याने लिफ्टच्या खोक्यांच्या फळ्यांचा घडीचा बाक करून दिला, पाठीला टेकण असलेला. पहिल्या रविवारी पंच त्यावर बसला, हलवून पाहिला, आणि मैदानाकडे बोट दाखवत म्हणाला, “ती पेनल्टीची रेघ वाकडी मारलीय.”

“मग सांगा ना,” टिटवीने माइक त्याच्याकडे सरकवला. शिट्टी वाजायला अजून दोन मिनिटं होती.